निंगव्वाची तयारी

ईश्वरप्पांनी उभं आयुष्य चौथीच्या पोरांना परीक्षेला बसवण्यात घालवलं होतं. पण बायकोला बसवायची वेळ येईल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

त्याचं असं झालं. निंगव्वा सकाळी शेंगांची चटणी कुटायची आणि दुपारी 'आज कुटायची राहिलीच की' म्हणत पुन्हा खलबत्ता घेऊन बसायची. घरातल्या बरण्या भरल्यावर घरोघरी फिरणाऱ्या आशा सेविका मायाक्कालाही एक बरणी मिळाली, मग दुसरी. तिसरी हातात आली तेव्हा तिनं ती ओट्यावर ठेवली.

"मास्तर, आजीला आपल्या दवाखान्यात आणा की. नव्या डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या माणसांचा विसराळूपणा तपासत्यात."

"काय काय विचारतात?"

"सोपं हाय. वार, महिना. घड्याळ काढायला लावत्यात. कमळ, चाक, पेरू असं सांगत्यात आन् जरा येळानं परत विचारत्यात."

मायाक्का सहज बोलून गेली आणि ईश्वरप्पा कामाला लागले. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी शाळा भरू लागली. चुकलं तर ते रागवत नसत. टाळीच्या ठेक्यावर शब्द म्हणून घेत, बांगडीत काड्या ठेवून घड्याळ शिकवत. निंगव्वाही डोक्यावरून पदर घेऊन, मांडी घालून शहाण्या मुलीसारखी बसे. ती पास झाली की घरातली धास्ती जाईल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दवाखान्यात डॉक्टर काव्यांनी विचारलं आणि निंगव्वानं घडाघडा सांगितलं. वार बरोबर, महिना बरोबर, घड्याळ तर गोल गरगरीत. कमळ, चाक, पेरू. मागच्या खुर्चीत ईश्वरप्पांचे ओठही तिच्याबरोबर हलत होते.

"आजोबा, आजींना पैकीच्या पैकी!"

"मग काही नाही ना?"

"कागदावर तरी नाही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, "आजी, मालकांचं नाव काय?"

निंगव्वानं मान खाली घातली.

"जुनी माणसं आम्ही," ईश्वरप्पा हसत म्हणाले. "आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच."

"आजी लाजली की!" दारातून मायाक्का म्हणाली.

"बरं, नाव राहू दे. मालक कुठं आहेत, ते सांगा."

ईश्वरप्पांनी सदऱ्याची घडी नीट केली. आता ती बोट दाखवणार.

"शाळेत गेलेत. येतील आता." मग निंगव्वा पुढे वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, हे गुरुजी लई चांगले. रोज मला शिकवायला येतात. पण दिवे लागले तरी घरातच बसतात. आमचे मालक आले तर बरं दिसंल का? तुमीच सांगा की त्यांना."

ईश्वरप्पांनी मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

"निंगव्वा, अगं... मी!"

तिनं पदर आणखी पुढे ओढला. परक्यासमोर ओढावा तसा. धडा घेताना ती मानानं पदर घेते, असं त्यांना इतके दिवस वाटत आलं होतं.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "ते गुण खोडा. पेपर फुटलेला होता. मीच सगळं पाठ करून घेतलं तिच्याकडून."

डॉक्टरांनी कागदावरचे गुण खोडले.

"तुम्ही बाहेर बसा. मी दुसरे शब्द घेते. रक्तही तपासू, थायरॉईडनं, बी-बारा कमी असल्यानंही कधी कधी असं होतं. मग मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवते. आणि आजोबा, यापुढे आजींना काय येत नाही, ते मला सांगत जा."

परत निघताना निंगव्वा रिक्षात चढेना.

"परक्या माणसाशेजारी कशी बसू गं?" तिनं मायाक्काचा हात घट्ट धरला.

मायाक्कानं ईश्वरप्पांकडे पाहिलं आणि नजर वळवली. ते पुढे गेले आणि रिक्षावाल्याच्या शेजारी अर्ध्या सीटवर अंग चोरून बसले. मायाक्का निंगव्वाजवळ मागे बसली.

"गुरुजींना वाटेत कुटं सोडायचं?" मागून निंगव्वानं विचारलं.



"कुठं घ्यायची, आजोबा?" रिक्षावाल्यानं विचारलं.

मागे ऐकू जाणार नाही अशा बेतानं ईश्वरप्पांनी त्याला आपल्याच घराचा पत्ता सांगितला.