पदवीपायी सुटलेली खुर्ची

पोस्टमास्तरांचा उजवा गाल गुळगुळीत झाला होता आणि डावा अजून साबणाच्या फेसाखाली होता, तेवढ्यात समोरच्या कॉलेजची घंटा झाली. दादांचा हात थांबला.

"पहिला तास अर्थशास्त्राचा आहे," ते म्हणाले. "हजेरी घेतात."

"मग मी असाच घरी जाऊ का?" निवृत्त पोस्टमास्तरांनी आरशातूनच विचारलं. "अर्धा?"

सलूनच्या मागच्या मोरीत वहिनी कारखान्यात कामाला जायच्या आधी टॉवेल पिळत होत्या. दादांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या वस्तऱ्याकडे.

"अगं, यांचा एवढा डावा गाल उरकतेस का?"

पोस्टमास्तर खुर्चीत ताठ झाले. "वहिनी करणार?"

"माझे केस इतकी वर्षं तीच कापते. सलूनवाल्यानं स्वतःच्या मानेपर्यंत हात पोचवायचा कसा?" दादांनी पाठ वळवून मान दाखवली. "बघा आणि ठरवा."

मान मागून अगदी रेखून काढल्यासारखी होती. पोस्टमास्तरांनी डोळे मिटून घेतले. दादा वह्या काखोटीला मारून रस्ता ओलांडून पळाले, आणि वहिनींनी पदराला हात पुसले.

दादा तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. वडील अचानक गेले आणि शाळा संपता संपता ते या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, ते तिथेच. समोर कॉलेज. त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक तिथलंच. विद्यार्थी, कारकून, प्राध्यापक. दुकानात शिरताना सगळे त्यांना दादा म्हणत आणि बायकोला वहिनी.

कॉलेजात नाव घालायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते इतिहासाच्या दोन प्राध्यापकांमुळे. एकजण खुर्चीत, एकजण बाकावर, आणि कुठल्याशा जुन्या लढाईवरून दोघांची जुंपली होती. ऐकता ऐकता दादांनी मध्येच विचारलं, "पण हरलेल्यांची बाजू कुणी लिहून ठेवली असेल?" खुर्चीतले प्राध्यापक हसले. हसणं चांगलंच होतं, त्यात कुचेष्टा नव्हती. "दादा, ते जरा वेगळं प्रकरण आहे," ते म्हणाले. "कानावरचे बारीक करा." दादांनी कानावरचे बारीक केले. पण त्या प्रश्नाचं उत्तर काही त्यांना मिळालं नाही, आणि ते मिळेपर्यंत चैन पडेना.

दोन्ही मुली आपापल्या कामाला लागल्या होत्या. त्यांनी फोनवर "बाबा, खुशाल जा" म्हटलं. विरोध केला तो धाकट्या भावानं. पलीकडच्या रस्त्यावर त्याचं काचेच्या दाराचं, गारेगार सलून होतं.

"दादा, या वयात डिग्री घेऊन काय करणार? भिंतीला टांगणार?"

"जागा आहे भिंतीवर."

"डिग्रीवाली पोरं माझ्याकडे काम शिकायला येतात. नोकऱ्या नाहीत म्हणून कात्री धरतात. आणि तू कात्री खाली ठेवून तिकडे चाललास."

"त्यांनी उलटं केलेलं चालतं, तर मी केलं म्हणून कुठे बिघडलं?"

धाकटा चिडून गेला. पण त्याचं सगळंच काही चुकीचं नव्हतं. वर्ग सकाळचे, आणि सलूनचा खरा धंदाही सकाळचाच. दादा वर्गात बसले की खुर्ची रिकामी. पहिल्या काही महिन्यांतच जुनी गिऱ्हाइकं गळायला लागली. म्हणून वहिनींनी कपड्यांच्या कारखान्यातलं शिवणाचं काम सोडलं आणि त्या सकाळी दुकानात उभ्या राहायला लागल्या. पोस्टमास्तरांच्या डाव्या गालानंतर त्यांना थोडा धीरही आला होता. पण त्यानं आणखीच पंचाईत झाली. बाईमाणसाच्या हाती गळा द्यायचा म्हटल्यावर उरलेल्यांतलेही काही धाकट्याच्या काचेच्या दारातून आत गेले. वहिनी कितीतरी सकाळी नुसत्या आरसा पुसत बसल्या.

आधी फिरकली ती कॉलेजची पोरं. त्यांना कशाचाच संकोच नव्हता. फोनवर कुणाचातरी फोटो दाखवून "वहिनी, असे कापा" म्हणायची. वहिनी फोटो निरखून बघायच्या, मग पोराचं डोकं निरखायच्या आणि स्पष्ट सांगायच्या, "त्याचं कपाळ मोठं आहे. तुला शोभणार नाही. मी सांगते तसे कापून घे." पोरं ऐकायची, कारण खरोखरच शोभायचं. मग आया लहान मुलांना घेऊन यायला लागल्या. वहिनींच्या हातात मुलं रडत नसत. मुलांना न्यायला आलेले बाप बाकावर बसून बघायचे, आणि पुढच्या खेपेला स्वतः खुर्चीत बसायचे.

दुकानाचा तोंडवळा हळूहळू बदलत गेला. पिवळा दिवा जाऊन पांढरा आला. गंजलेला पंखा उतरला. दादांनी एकदा पावडरचा डबा नेहमीच्या जागी शोधला, तर तो तिथे नव्हता.

"डाव्या कप्प्यात," वहिनी म्हणाल्या. "मला हाताशी लागतो."

दादांनी तो डाव्या कप्प्यातून घेतला आणि वापरून झाल्यावर डाव्याच कप्प्यात ठेवला.

इतिहास त्यांना लळा लावून गेला. अर्थशास्त्रानं मात्र दगा दिला. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी ते कॉलेजच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिले. आजूबाजूची नापास पोरं एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालून चहाला निघून गेली. दादांना कुणी गुद्दा घातला नाही.

दुपारी ते दुकानात आले तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. ते स्वतःच खुर्चीत बसले.

"बस झालं आता," ते म्हणाले. "धाकटा म्हणत होता तेच खरं. उद्यापासून मी दुकान बघतो. तू उगाच किती दिवस उभी राहणार? पाय सुजतात तुझे."

वहिनी कंगवे धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"पाय माझे आहेत. सुजले तर मी बघेन."

"अगं, तुझ्या भल्यासाठी सांगतोय. कारखान्यात परत घेतील तुला."

"मला जायचं नाही." वहिनी समोर येऊन उभ्या राहिल्या. "तिथे मी रोज कॉलर शिवायचे. नुसत्या कॉलर. तो शर्ट पुढे कुणाच्या अंगावर गेला, कधी कळलं नाही. इथे माणूस उठतो, आरशात बघतो, आणि मला तोंडावर सांगतो, छान झालं म्हणून. तुम्ही कॉलेज सोडलंत तर मला ही खुर्ची सोडावी लागेल. मी नाही सोडणार. तेव्हा तुम्हाला जावंच लागेल."

इतक्या वर्षांच्या संसारात वहिनींनी स्वतःसाठी असं काही मागितल्याचं दादांना आठवेना.

"आणि अर्थशास्त्र?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते तुम्ही बघा. आणि उठा तिथून, गिऱ्हाईक येतंय."

दादा उठले.

अर्थशास्त्र शेवटी पोस्टमास्तरांनी शिकवलं. गाल वहिनींच्या स्वाधीन करून ते बाकावरच्या दादांना समजावत. "महागाई म्हणजे काय, हे पेन्शनवाल्याला विचारा. पुस्तकवाल्याला काय कळतंय?" वहिनींनी त्यांना गप्प केलं की दादा तेवढ्यात टिपण उतरवून घेत. पुढच्या खेपेला दादा सुटले. काठावर सुटले, पण सुटले. शेवटच्या वर्षी इतिहासाच्या पेपरात हरलेल्यांच्या कागदपत्रांवरच एक प्रश्न आला. दादांनी पुरवण्यांवर पुरवण्या घेतल्या. पर्यवेक्षक बाई शेवटी म्हणाल्या, "काका, आता द्या."

पदवीदानाच्या दिवशी रविवार होता. वहिनी येणार होत्या, पण दुकानाबाहेर रांग लागली.

"तुम्ही जाऊन या," त्या म्हणाल्या. "आल्यावर मला सगळं सांगा. काही गाळायचं नाही."

सभागृहात भाड्याचे काळे झगे वाटत होते. शेजारच्या मुलाचा झगा वेडावाकडा होता. दादांनी सवयीनं तो झटकला, त्याच्या मानेशी नीट बसवला आणि मान किंचित पुढे वाकवली. मग लक्षात आल्यावर दोघंही हसले. नाव पुकारलं गेलं तेव्हा मागच्या बाकांवरून पोरांनी एकच गलका केला. "दादा! दादा!" त्यातली अर्धी डोकी वहिनींनी कापलेली होती. पदवी हातात देणाऱ्या, एकदा खुर्चीत बसून हसलेल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी दादांचा हात लवकर सोडला नाही.

"तुमचा पेपर मी वाचला," ते म्हणाले. "मलाही काही गोष्टी नव्यानं पाहाव्या लागतील."

दादा रस्ता ओलांडून आले तेव्हा दुकान भरलेलं होतं. बाकावर दाटीवाटीनं माणसं बसली होती, दोघंतिघं दारात उभी होती. आणि खुर्चीत, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, तोंडाला फेस लावलेला धाकटा भाऊ होता.

"तू?" दादा म्हणाले. "तुझं दुकान बंद पडलं की काय?"

"माझ्या पोरांना नाही असं जमत," धाकटा फेसातून म्हणाला. "मिळाली का डिग्री? आता पुढे काय? पगार-बिगार कोण..."

"भावजी, बोलू नका," वहिनींनी त्याची हनुवटी वर उचलली. "वस्तरा लागेल."

बाकावरची माणसं खूप हसली, दादाही हसले. वहिनींनी वस्तरा बाजूला ठेवला, हात पुसले, पदवीचा कागद दोन्ही हातांत धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि फेसाचा थेंबही न लागता परत दिला. त्यांचे डोळे भरून आले होते. पण त्या लगेच धाकट्याच्या गालाकडे वळल्या.

दारातलं एक गिऱ्हाईक ताटकळलं होतं. कोपऱ्यात दुसरी जुनी खुर्ची होती. दादांनी ती पुढे ओढली, बाह्या सारल्या. "या, तुमचे मी कापतो."

गिऱ्हाईक घुटमळलं. "राहू द्या दादा. वहिनींचाच हात बसलाय. मी थांबतो."

दादांनी बाह्या खाली केल्या, ती खुर्ची दाराशी उजेडात नेली आणि स्वतःच तीत बसले. पिशवीतून एक पुस्तक काढलं. ते कुठल्याच परीक्षेला नव्हतं. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि ओठ हलवत वाचायला लागले.

"मोठ्यानं वाचा," धाकट्याच्या गालावरची नजर न काढता वहिनी म्हणाल्या. "इथवर ऐकू येत नाही."