दीपगृहामागचं स्वयंपाकघर

जतन केलं म्हणे दीपगृह! नाव काढलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचे बाबा तिथले शेवटचे दिवेवाले. दिवा यंत्रावर गेला आणि आम्ही शहरात फ्लॅटवर आलो. बाबा इथे फार टिकले नाहीत, लवकरच गेले. आईचा मात्र एकच ध्यास, एकदा मला माझ्या स्वयंपाकघरात ने. ते बाबांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं, मनोऱ्याला टेकून, पत्र्याचं. एक भिंत चांगलीच वाकडी. आई चिडवायची, "एवढ्या जहाजांना वाट दाखवता, आणि एक भिंत सरळ येत नाही होय?"

यंदा दीपगृहाची दुरुस्ती झाली, लोकांसाठी उघडलं. मी आनंदाने त्या कामाच्या आर्किटेक्टबाईंना फोन करून विचारलं, आईला तिचं स्वयंपाकघर दाखवायला कधी आणू?

"ते पत्र्याचं बांधकाम मूळ नकाशात नव्हतं ना, ताई," बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "नंतरची भर होती. काढून टाकली."

नंतरची भर! माझं अख्खं बालपण! मग मी त्यांना काय काय बोलले ते विचारू नका. पण पाडलेलं थोडंच उभं राहणार होतं?

आईला सांगायचा धीर होईना. ती केव्हाची चहापूड-साखर पिशवीत भरून तयार. "तिथल्या डब्यातली आता खराब झाली असेल," म्हणते कशी. शेवटी निम्म्या वाटेत, गाडी चालवता चालवता सांगून टाकलं.

"सगळं पाडलं?"

"सगळं."

तिने मांडीवरची पिशवी जवळ ओढून घेतली. "बरं. पण गाडी वळवू नकोस हं."

खोटं कशाला बोलू, नव्या रंगात मनोरा झकास दिसत होता. मागे हिरवंगार लॉन. आईने चपला काढल्या, सरळ लॉनच्या मधोमध गेली आणि मनोऱ्याच्या उघड्या दाराकडे तोंड करून उभी राहिली.

"आजी, गवतावर नाही चालायचं!" वॉचमन ओरडला.

"स्वतःच्या ओट्यापाशी उभी आहे ती!" मी खेकसले.

मी आईजवळ गेले. दारातून आतला जिना दिसत होता.

"पहाटे दिवा विझवून हे खाली यायचे ना," आई म्हणाली, "तेव्हा इथून आधी नुसते पाय दिसायचे. मग मी आधण ठेवायची."

बाबा हवे होते, अगदी आत्ता, या क्षणी हवे होते.

तेवढ्यात जिना वाजला. दारात आधी पाय दिसले. आईने माझा हात घट्ट धरला. मग फोटो काढत, हसत-खिदळत एक जोडपं बाहेर आलं आणि आमच्या बाजूने निघून गेलं.

"चल आई, ऊन चढतंय."

तिने दारावरची नजर काढली नाही.

"थांब गं जरा. वर अजून कोणीतरी आहे."