ताईच्या हातचं

गिरणीमागच्या वस्तीत ख्रिस्ती जागृतीची चळवळ आली, ती सगळ्यात आधी ताईच्या शिवणाच्या दुकानात कळली. बायका झगे घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "ताई, एवढी झालर काढून द्या. मंडळीत साधं राहायचं असतं."

"लावताना माझे डोळे गेले, आणि काढायला कात्रीचा एक फटका," ताई हसून म्हणायची. "देवाकडे जायचा रस्ता सोपा दिसतोय."

पण मनातून तिला चळवळ आवडली होती. पगाराच्या संध्याकाळी गुत्त्यासमोर उभी राहणारी माणसं आता अंघोळ करून, भांग पाडून प्रार्थनागृहात बसत. अंगठा उठवणाऱ्या बायका तिथेच वाचायला शिकल्या. ताईच्या धाकट्या बहिणीचा नवरा तर दारूत पार बुडालेला होता. एका सभेत तो गुडघ्यांवर पडून ढसाढसा रडला आणि त्यानंतर त्याने बाटलीला हात लावला नाही. धाकटीला सगळे चिमणी म्हणत. तिच्या संसाराला काही वर्षं सुखाची मिळाली. पुढे तो छातीच्या दुखण्याने गेला आणि चिमणी ताईकडे राहायला आली. "देवाने मला नवरा दोनदा दिला," ती म्हणायची. ताईचं लग्न झालंच नव्हतं. दोघी बहिणी एकाच बाकावर बसून उपासनेत गायच्या, चिमणी वरच्या सुरात, ताई खालच्या.

मग एका दुपारी गवंड्याची बायको दुकानात आली आणि कपड्यांच्या ढिगाआड बसून राहिली. गवंडीही मंडळीतलाच होता. आपण कसे बदललो याची साक्ष तो दर महिन्याला उभं राहून द्यायचा. ताईने तिला मागच्या खोलीत नेलं, पाठ उघडी करून पाहिली आणि पुन्हा झाकली.

"इथेच राहा," ती म्हणाली.

दोन दिवसांनी पाळकसाहेब आणि मंडळीचे वडीलजन आले. सगळे सज्जन, हळू बोलणारे. बायकोने घरी जावं, नवऱ्याला क्षमा करावी, मंडळी दोघांसाठी प्रार्थना करील, असं त्यांचं म्हणणं होतं.

"तो बदलला आहे, ताई. त्याने साक्ष दिली आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"साक्ष तिच्या पाठीनेही दिली आहे. ती मी बघितली."

ताईने तिला घरी पाठवलं नाही. लांबच्या गावी तिचा भाऊ होता, त्याच्याकडे गाडीत बसवून दिलं. पुढच्या रविवारी ताईला मंडळीतून काढल्याचं सगळ्यांसमोर वाचून दाखवण्यात आलं.

काढलेल्या माणसाचे नियम होते. त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही. त्याच्या हातून काही घ्यायचं नाही, अन्न नाही, वस्तू नाही, काम नाही. त्याला मात्र देता येत होतं. आजारपणात मदत करता येत होती. "म्हणजे भिकाऱ्यासारखंच," ताई म्हणाली. चिमणी हसली नाही.

पहिले काही दिवस चिमणी चुलीपाशी उभ्यानेच जेवली. मग एका संध्याकाळी ताई दुकान बंद करून घरी आली, तर दारात लाकडाचा भुसा पडलेला. आई-बापांच्या वेळचं जेवणाचं टेबल सुताराने मधोमध कापलं होतं. दोन्ही तुकड्यांना नवे पाय लावले होते आणि मध्ये हात जाईल एवढी फट ठेवली होती. सुतार हत्यारं गोळा करत होता. तोही मंडळीतला. त्याने मान वर केली नाही.

"असं ठेवलं तर चालतं, ताई," चिमणी घाईघाईने म्हणाली. "मी विचारून आले. दोन टेबलं, पण समोरासमोर बसता येतं. वरून चादर एकच घालते, म्हणजे फट दिसणारही नाही." तिने चादर पसरली, हाताने सारखी केली आणि लहान मुलीसारखी ताईकडे बघत राहिली.

ताई बसली. बटाट्यात मीठ कमी होतं. तिने सवयीने मिठाची वाटी पुढे केली. चिमणीने हात मांडीवर ठेवले. ताईने वाटी खाली ठेवली.

मंडळीचं शिवण बंद झालं. ताई आता पडदे शिवायची, हॉटेलच्या नोकरांचे डगले शिवायची. पोटापुरतं काम होतं. पण रस्त्याने जाणाऱ्या बायका, ज्यांच्या छातीचं, कमरेचं, वाढलेल्या पोटाचं माप तिला पाठ होतं, त्या दुकानासमोर आल्या की पलीकडच्या फुटपाथवर जात. रविवारी गाण्याचा आवाज गल्लीत येई. खालचा सूर पोकळ वाटे. ताई यंत्राचं चाक जोरात फिरवी.

वर्ष सरता सरता चिमणी म्हणाली, "ताई, एकदा ये. एवढंच म्हण, की माझं चुकलं. मग सगळं पहिल्यासारखं."

आणि ताई गेली. अभिमान गिळून, इस्त्रीचा झगा घालून गेली. एकटेपणाने तिला आतून पोखरलं होतं. प्रार्थनागृहात सगळे होते. तिसऱ्या बाकावर गवंडी होता, धुतलेला सदरा घालून. ताई पुढे जाऊन गुडघ्यांवर बसली. पाळकसाहेबांनी मायेने विचारलं, "बहिणी, काय सांगायचं आहे?"

"मला तुमच्याशिवाय करमत नाही," ताई म्हणाली. "तुमची गाणी आठवतात. कुणाचं बाळ जन्मलं ते मला कळत नाही. कुणी गेलं तर मी जाऊ शकत नाही. मी रागीट आहे, तोंडाळ आहे. त्याची क्षमा मागते."

बायका डोळे पुसत होत्या. सुतार हुंदके देत होता.

"आणि त्या बहिणीला तू नवऱ्यापासून तोडलंस, ते?"

ताईने तोंड उघडलं. एवढंच वाक्य उरलं होतं. सगळी मंडळी त्याची वाट बघत होती, जणू तिला कवेत घ्यायला हात पुढे करून. तिने चिमणीकडे पाहिलं. चिमणीचे ओठ हलत होते.

"ते मी पुन्हा करीन," ताई म्हणाली, आणि गुडघा धरून उठली.

ती एकटीच दारातून बाहेर पडली. चिमणी बाकावरून हलली नाही.

पुढच्याच आठवड्यात चिमणी मंडळीच्या सेवागृहात राहायला गेली. तिथे म्हाताऱ्या, आजारी बायकांची सेवा करायला माणूस हवं होतं. "तिथे काम आहे गं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि इथे मला तुझ्याकडे बघवत नाही." पेटी उचलायला ताई पुढे झाली आणि आपणहून मागे सरली.

त्यानंतर ताई एकटीच. घरात कुणी नसताना माणूस किती कमी आवाज करतो, हे तिला तेव्हा कळलं.

थंडीत तिला ताप आला. शेजारच्या न्हाव्याने निरोप पोचवला असावा. ताई डोळे उघडते तो चिमणी कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. ताप उतरेपर्यंत ती राहिली. पेज पाजली, चादरी बदलल्या, केस विंचरले. द्यायला तिला मोकळीक होती, आणि ती सगळं देत होती.

शेवटच्या सकाळी चिमणी पाणी भरायला खाली गेली. तिचा कोट खुंटीवर होता. बगलेत शिवण उसवली होती, आतलं अस्तर बाहेर डोकावत होतं. ताई भिंत धरत उठली. सुईत दोरा ओवला. चार टाक्यांचं काम. चिमणीला कळलंही नसतं. बाही हातात घेऊन ती उभी राहिली, आणि मग तिच्या मनात आलं, कळलं तर? तर ती टाके उसवील, नाहीतर सभेत उभी राहून कबुली देईल. तिने बाही सोडून दिली आणि खाटेवर येऊन बसली.

चिमणीने कोट चढवताना तिचं बोट त्या भोकातून आरपार गेलं. तिने ताईकडे पाहिलं, ताईच्या हातातल्या सुईकडे पाहिलं.

"दिसलं होतं ना तुला?"

"दिसलं."

"मग?"

"तुला उसवत बसावं लागलं असतं."

चिमणी खाटेच्या कडेवर बसली. बराच वेळ तिने ताईचे पाय पांघरुणावरून दाबले. मग म्हणाली, "पेज झाकून ठेवली आहे. गरम करून घे," आणि उसवलेली बाही अंगाशी धरून थंडीत निघून गेली.