भिंतीपलीकडचे कान

"ताई, पुरे!" ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर आपटल्या. "ही गिटार आहे की दाताच्या डॉक्टरचं मशीन? कानात सुई घुसतेय."

"स्पीकर खराब असेल," ती म्हणाली.

"स्पीकर कालच बदललाय," कीबोर्डमागून मास्तर म्हणाले. बँड त्यांचा होता. "तुझा आवाज बोचतोय. गेल्या कार्यक्रमातही बोचला. हॉलच्या मॅनेजरने मला बाजूला घेऊन सांगितलं."

ती खाली वाकली. तिच्या पायाशी जाड पुस्तकाएवढी काळी पेटी होती, मॉडेलर. पूर्वी तिच्याकडे खरा अ‍ॅम्प होता. गिटारचा आवाज मोठा करणारा तो खोका उचलायला दोन माणसं लागत. कंबर गेल्यावर तिने तो विकला आणि ही पेटी घेतली. पेटीत कितीतरी अ‍ॅम्पच्या नकला भरलेल्या होत्या. त्यांतल्या चार निवडून, कित्येक महिने घासूनपुसून तिने स्वतःचे चार आवाज तयार केले होते आणि त्यांना नावं दिली होती: दुपार, पितळ, धूर, कापूस. पायाने बटण दाबलं की पडद्यावर नाव उमटायचं. सध्या तिथे 'पितळ' दिसत होतं. तिला तर तो आवाज अजून जरा मंदच वाटत होता. आज सकाळीच तिने ट्रेबल, म्हणजे आवाजाचा वरचा, तीव्र भाग, एक घर वर नेला होता.

"मी विकतचे प्रिसेट आणलेत, आधीच लावून ठेवलेले आवाज," मास्तर म्हणाले. "मोठमोठ्या स्टुडिओतल्या लोकांनी बनवलेले. तुझे चार पुसतो आणि हे टाकतो. गाणं बदललं की माझ्या लॅपटॉपवरून आवाज आपोआप बदलेल. तू नुसतं वाजवायचंस."

"माझ्या पेटीला हात लावायचा नाही."

"मग रविवारच्या कार्यक्रमात गिटारचे तुकडे मी कीबोर्डवर वाजवतो. तू विश्रांती घे. वय होतंच प्रत्येकाचं."

"तुमचंही झालंय, मास्तर. केस काळे केले म्हणून कीबोर्ड तरुण होत नाही."

ड्रमवाला खो खो हसला. मास्तर हसले नाहीत. "रविवारी दुपारी कार्यक्रमाआधी आवाज तपासू," ते म्हणाले. "बोचला, तर माझे प्रिसेट. ते नको असतील, तर गिटार घरी ठेवून ये."

घरी आल्यावर तिने पेटी जोडली. बाहेरच्या खोलीत नवरा पेपर वाचत होता.

"कसा वाटतोय?" तिने विचारलं.

"छान."

तिने ट्रेबल पार खाली आणला. "आणि हा?"

"छान."

लग्नापासून त्याच्याकडे हा एकच प्रिसेट होता. वाद टाळण्यासाठी उत्तम, पण बाकी उपयोग शून्य.

तेवढ्यात दार उघडून जाऊबाई आत आली. दोघा भावांचे फ्लॅट शेजारीशेजारी होते, मधे एक भिंत. जाऊबाई थोरली आणि जिभेने तिखट. तीस वर्षं ती या भिंतीवर पळी ठोकून 'कमी कर गं!' असं ओरडत आली होती.

"अगं, तुझं धुण्याचं मशीन केव्हाचं टीं टीं करतंय. माझ्या घरात ऐकू येतंय आणि तू इथे ढिम्म!"

"बंद आहे ते."

"बंद काय बंद! ये, दाखवते."

जाऊबाईमागोमाग ती मशीनसमोर जाऊन उभी राहिली. हिरवा दिवा उघडमिट करत होता. तिने कान जवळ नेला. दिवा लागत होता, विझत होता. बाकी काही नव्हतं.

"आत्ता वाजतंय?"

"मग? डोक्यात जातंय माझ्या."

तिने बटण दाबलं आणि ओले कपडे तसेच आत ठेवून ती गिटारपाशी परतली. बाटल्यांच्या कारखान्यात तिने उभी हयात काढली होती. पट्ट्यावरून काचेच्या बाटल्या एकमेकींवर आपटत पुढे जायच्या आणि ती तडे गेलेल्या बाजूला काढायची. सुरुवातीला तो किणकिणाट रात्री स्वप्नातही यायचा. मग हळूहळू यायचा बंद झाला. सवय झाली, असं तिला वाटलं होतं.

"वहिनी, दोन मिनिटं बसता?"

"कशाला?"

"मी वाजवते. तुम्ही ऐका."

जाऊबाईने कमरेवर हात ठेवले. "तीस वर्षं 'कमी कर' म्हणून घसा सुकला माझा. तेव्हा ढुंकून पाहिलं नाहीस. आणि आता बोलावून ऐकवतेस?"

पण जाऊबाई बसली. धाकटीने खिडक्या लावल्या आणि आवाज हॉलमध्ये असतो तेवढा मोठा केला. घरात हळू आवाजावर लावलेला सूर हॉलमध्ये गेल्यावर भलताच निघतो, ही चूक तिने एकदा केली होती. 'पितळ' लावून तिने एक सूर छेडला.

जाऊबाईने दोन्ही कान झाकले. "काचेवर खिळा ओढल्यासारखं!"

पेटीवर 'प्रेझेन्स' असं लिहिलेलं एक बटण होतं. आवाजाची अगदी वरची धार त्याने कमीजास्त व्हायची. तिने तोच सूर पुन्हा छेडला आणि तो घुमत असतानाच बटण वरच्या टोकापर्यंत फिरवलं. तिला काहीच फरक कळला नाही. समोर जाऊबाई मात्र खुर्चीवरून उठली होती.

तिने तारांवर तळहात ठेवला.

"अगं, काय झालं? रडतेस की काय?"

"रडेन कशाला? मोजतेय, काय काय गेलं ते." तिने प्रेझेन्स शून्यावर आणला. "बसा. आता सांगा."

मग काम सुरू झालं. ती बटण फिरवायची आणि जाऊबाई निकाल द्यायची. "अजून टोचतंय." "आंबट आहे." "आता गोधडीत कोंबलंस त्याला, बाहेर काढ." पडद्यावर स्पीकरचं चित्र होतं आणि त्याच्यापुढे एक छोटा माइक. तो मध्यावर असला की आवाज कडक, कडेला नेला की मऊ. तिने तो कणाकणाने कडेला सरकवला.

"थांब. हा!" जाऊबाई म्हणाली. "हा ओळखीचा आहे."

"ओळखीचा?"

"तुझा तो मोठा खोका होता ना, त्याचा. ते संथ गाणं वाजवायचीस, तेव्हा असाच यायचा पलीकडे."

"तुम्ही ऐकायचात?"

"भाजी चिरता चिरता हात थांबायचा. त्या गाण्याला मी कधी पळी ठोकली का, आठव. एकदा तरी?"

तिने आठवून पाहिलं. ठोकली नव्हती.

"मग सांगितलं का नाहीत?"

"ओरडले नाही, याचा अर्थ चांगलं होतं. आणखी काय हार घालायचा होता?"

चारही आवाज त्यांनी असेच लावले. 'धूर'च्या वेळी दोघींचं भांडण झालं. जाऊबाईला त्यातली खरखर नको होती. "खरखर राहणार," ती म्हणाली. "ती मला ऐकू येते आणि ती माझी आहे. कान तुमचे घेतलेत, वहिनी. हात माझेच राहतील."

"राहू दे बाई, राहू दे. तुझा धूर तुला लखलाभ."

रविवारी दुपारी हॉलमध्ये टेबलं मांडली जात होती. मास्तर लॅपटॉप उघडून तयार होते. ती पेटीसमोर पाय रोवून उभी राहिली. हॉलच्या मधोमध एका खुर्चीवर मांडीत पर्स घेऊन जाऊबाई बसली होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच इथे आली होती.

"त्या कोण?" मास्तरांनी विचारलं.

"हिची जाऊ," जाऊबाईने बसल्या जागेवरून उत्तर दिलं. "तीस वर्षं फुकट ऐकतेय. आज रिक्षाचे पैसेही माझेच."

तिने 'पितळ' लावून वाजवलं. जाऊबाईने तळहात जरासा खाली केला. तिने ट्रेबल किंचित उतरवला आणि पुन्हा वाजवलं. तळहात पर्सवर गेला. ते पाहून तिने आवाज जतन केला.

मास्तरांचं लक्ष त्या दोघींकडे होतं. "म्हणजे तुला ऐकू येत नाही?"

हॉलमधली माणसं वळून पाहायला लागली. तिने बोलण्याचा आवाज खाली केला नाही. "वरचं येत नाही. बाटल्यांनी खाल्लं. खालचं सगळं येतं, तुमचा चुकलेला कॉर्डसुद्धा येतो. आता बोचतोय का ते सांगा."

मास्तरांनी लॅपटॉपकडे पाहिलं.

"मास्तर, तिने विचारलंय," ड्रमवाला म्हणाला. "मला डाव्या कानाने दहा वर्षं काही ऐकू येत नाही. कधी कळलं तुम्हाला?"

"नाही बोचत," मास्तर अखेर म्हणाले. "पण ऐकू न येणाऱ्या माणसाने स्वतः आवाज लावायचा, हे काही बरोबर नाही."

"नसेल. लॅपटॉप मिटा. वायर माझ्या पायात येतेय."

मास्तरांनी लॅपटॉप मिटला.

कार्यक्रम सुरू झाला. चौथ्या गाण्याला तिची पाळी होती, ते संथ गाणं. तिने पायाने बटण दाबलं. पडद्यावर 'कापूस' आलं आणि तिने पहिला सूर सोडला.

पुढच्या टेबलावर दोघांनी ग्लास एकमेकांना लावले. ते भिडलेले तिला दिसले. आवाज पोचला नाही. तिची स्वतःची गिटारही तिला दुरून येत होती, कडा झिजलेली, भिंतीपलीकडच्या घरात कुणी वाजवत असावं तशी. प्रेझेन्सचं बटण पायाशीच होतं. वाकून एक वळसा द्यायचा, एवढंच. ती वाकली नाही.

तिने मागच्या टेबलाकडे पाहिलं. जाऊबाईसमोर खाणं आलं होतं. काटा ताटाच्या वर तसाच थांबला होता.

तिने पुढची तार छेडली.