आडवं शेपूट

चौथीच्या बाई भाषेच्या. समुद्राशी त्यांचा संबंध निबंधापुरता. पण समुद्रातल्या सस्तन प्राण्यांचं माहितीपुस्तक शाळेत आलं आणि ते शिकवायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. बाईंनी हौसेने तक्ता केला, 'मासे' आणि 'मासे नव्हेत' असे दोन रकाने आखले आणि पुस्तक नीट उघडायच्या आधीच देवमाशाचं चित्र माशांत चिकटवून टाकलं. नावातच मासा म्हटल्यावर शंका कसली घ्यायची?

खरी काळजी वेगळीच होती. मासळीवालीची मुलगी तिसऱ्या बाकावर बसायची आणि वर्षभर तिने तोंड उघडलं नव्हतं. गप्प बसते आणि घरी मासळी, एवढं पोरांना पुरलं. डासांच्या अळ्या खाणाऱ्या त्या इवल्या माशावरून त्यांनी तिचं नाव 'गप्पी' पाडलं. आज मोठ्या बाई जातीने वर्गात येऊन बसल्या होत्या. गप्पीने पान वाचलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून ती पुन्हा तिसरीत.

"वाच बाळ," बाई म्हणाल्या.

गप्पीने पुस्तक उघडलं. चित्रातल्या देवमाशाने बुडी मारली होती, शेपूट तेवढं पाण्यावर. ती ते बघत बसली. मागे कुणीतरी खुसखुसलं. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"बाई, तक्त्यावर चुकलंय."

आवाज कुणाचा, वर्गाला क्षणभर कळेना.

"माशाचं शेपूट उभं असतं." तिने तळहात उभा धरून डावी-उजवीकडे हलवला. "आईच्या टोपलीत सगळे तसेच असतात. याचं आडवं आहे." तळहात पालथा करून तिने वर-खाली केला. मग ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द सोडवत ती वाचू लागली, "हा श्वास... हवेत घेतो. मादी... पिल्लाला दूध पाजते."

पान संपलं.

"मग याला देवमासा का म्हणतात गं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"म्हणतात नुसतं. मला नाही का गप्पी म्हणत?"

बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांनी सगळ्यांदेखत चित्र उचकटलं आणि दुसऱ्या रकान्यात लावलं.

"माझंच चुकलं होतं. फार उपकार केलेस बाळ माझ्यावर," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांच्या अगदी मनातलं होतं.

"ही इथेच राहू दे," जाता जाता मोठ्या बाई म्हणाल्या.

दुपारी बाईंनी हजेरीपट उघडला. वर्षभर त्या तिसऱ्या बाकाकडे नुसती नजर टाकून परस्पर खूण करत आल्या होत्या. हाक मारली तरी उत्तर येणार नाही हे त्या धरूनच चालल्या होत्या. आज त्यांनी तिचं नाव पूर्ण वाचलं, आडनावासकट, आणि थांबल्या.

"हजर, बाई."