बाबा खिडक्या जाळतात

लेशेक पिरेकने राखेची बादली टेबलावर आदळली. करड्या धुळीचा लोट उठून हजेरीपटावर बसला.

"घ्या, तपासा," तो म्हणाला. "काल पालिकेवाल्यांनी डबीभर नेली. उरलेली तुमच्यासाठी आणलीय."

चौथीच्या वर्गातली बावीस मुलं श्वास रोखून बघत होती. तिसऱ्या बाकावर त्याची मुलगी किंगा मान खाली घालून बोटाचं नख कुरतडत होती.

"लेशेकसाहेब, आपण बाहेर बोलू," बोझेनाबाई म्हणाल्या.

"बाहेर कशाला? माझं घर तर तुम्ही सगळ्या गावासमोर मांडलंत. आता बोलायचं ते पण सगळ्यांसमोरच बोलू."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. लेशेकने तिकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं आणि बादली तिथेच ठेवून तो निघून गेला.

बोझेना कुलिक एकतीस वर्षं त्या शाळेत निसर्गविज्ञान शिकवत होत्या. कोळशाच्या त्या गावात हिवाळा लागला की घरं तापवणाऱ्या भट्ट्यांचा धूर दुपारी चारलाच खाली उतरायचा. मुलं खोकत शाळेत यायची, खोकत घरी जायची. म्हणून यंदा त्यांनी महिनाभर एकच विषय लावून धरला होता. घरातल्या भट्टीत काय जाळावं, काय जाळू नये, रंग लावलेलं लाकूड जाळलं तर छातीत काय जातं. मुलं रंगून गेली होती. शेवटी चित्रांची स्पर्धा झाली, 'आमच्या घरची भट्टी'. निवडलेली दहा चित्रं नगरपालिकेच्या व्हरांड्यात लागली.

किंगाचं चित्र त्यात सगळ्यात सुरेख होतं. हिरव्या चौकटी भट्टीत कोंबणारा माणूस, तापून फुगलेले रंगाचे फोड, धुराड्यातून निघणारा जांभळा धूर. खाली तिनेच लिहिलं होतं, 'बाबा खिडक्या जाळतात.' लेशेक लोकांच्या घरी नव्या खिडक्या बसवायचा आणि जुन्या चौकटी जळणासाठी घरी आणायचा. पोरीने जे पाहिलं तेच काढलं होतं. त्याखाली नाव, वर्ग आणि घरचा पत्ता मात्र बोझेनाबाईंनी स्वतः, आपल्या वळणदार अक्षरात लिहिला होता. सगळ्याच चित्रांखाली लिहिला होता. त्यात काही वावगं आहे हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. तोच पत्ता वाचून पालिकेवाले काल भट्टीतली राख तपासायला लेशेकच्या दारात उभे राहिले होते.

सुट्टीत मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कायदा त्याने मोडलाय, तुम्ही नाही."

"पत्ता मी दिला."

"आणि आता त्याच्या घरी जाऊ नका. आधीच डोकं फिरलंय त्याचं."

शाळा सुटल्यावर बोझेनाबाईंनी पालिकेत जाऊन किंगाचं चित्र उतरवलं आणि गुंडाळी काखेत मारून बस पकडली.

दार लेशेकनेच उघडलं. अंगात जाकीट, डोक्यावर लोकरी टोपी. आत पाऊल टाकताच बोझेनाबाईंना कळलं की बाहेरच्यापेक्षा इथे फारसं ऊबदार नाही. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. पलंगावर लेशेकची म्हातारी आई दोन रजया आणि एक ओव्हरकोट पांघरून पडली होती आणि थांबून थांबून खोकत होती. किंगा हातमोजे घालून गणितं सोडवत होती.

"भट्टी बंद आहे?"

"कालपासून. शाळेत शिकवलंत ना, जाळू नका म्हणून? नाही जाळत."

"कोळसा आहे की तुमच्याकडे. तो बघा कोपऱ्यात."

"आहे. धूर त्याचाही होतो. पालिकेवाले सोमवारी परत येणारेत. शेजारी तर धुराड्याकडे डोळे लावूनच बसलेत. दिसला धूर की लावला फोन."

"पोरीसाठी तरी पेटवा हो. आजींसाठी."

लेशेकने काड्यापेटी खिशातून काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "तुम्ही पेटवा. धूर न करता. शिकवता ना तुम्ही?"

बोझेनाबाईंनी काड्यापेटी घेतली. त्या राहायच्या त्या इमारतीत ऊब गरम पाण्याच्या नळांतून यायची. वीस वर्षांत त्यांनी कोळशाला हात लावला नव्हता. पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं. त्या कोट सावरत गुडघ्यांवर बसल्या, तळाशी कागद कोंबला, त्यावर काटक्या, वर कोळसा ओतला आणि काडी ओढली.

कागद भडकला आणि विझला. मग कोळशाच्या फटीफटीतून पिवळसर, दाट धूर निघू लागला. भट्टीच्या दारातून तो खोलीत शिरला. म्हातारीला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. किंगा धावत जाऊन तिची पाठ चोळू लागली. लेशेकने खिडकी उघडली. थंडी सुरीसारखी आत घुसली.

"झालं शिकवून?" तो म्हणाला.

बोझेनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुराचं होतं की कशाचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "मला येत नाही," त्या म्हणाल्या. "मला हे येत नाही, लेशेकसाहेब. आणि तो पत्ता मी लिहायला नको होता. माझं चुकलं."

लेशेकने खिडकी लावून घेतली. म्हातारीची उबळ ओसरली. मग पलंगावरूनच ती खरखरत्या आवाजात म्हणाली, "अगं बाई, मेणबत्ती डोक्यावर पेटवतात की बुडाशी?"

"काय म्हणालात, आजी?"

"काढ ते सगळं. कोळसा खाली घाल. त्यावर जाड लाकूड, त्यावर बारीक काटक्या. आणि आग लाव वरून. म्हणजे धूर जाळातून जातो अन् तिथंच जळतो. माझी आई असंच करायची. या लेश्काला कितीदा सांगितलं, पण याला नेहमी घाई."

"आई, वरून पेटवायचं म्हणजे तासभर ऊब येत नाही," लेशेक पुटपुटला.

"मग कालपासून काय उकडत होतं का तुला?"

बोझेनाबाईंनी भट्टी हातांनी रिकामी केली. अर्धवट तापलेले कोळसे बोटांना चटके देत होते. थोड्या वेळाने लेशेकही शेजारी बसला आणि बिनरंगाची कोरी लाकडं फोडून देऊ लागला. या खेपेला जाळ वर, काटक्यांवर, शांतपणे धरला. लेशेक उठून अंगणात गेला आणि बराच वेळ मान वर करून धुराड्याकडे बघत राहिला. आत आला तेव्हा त्याने टोपी काढली होती.

"दिसत नाही फारसा," तो आईला म्हणाला. बाईंकडे त्याने पाहिलं नाही.

चित्राची गुंडाळी बोझेनाबाईंनी टेबलावर ठेवली. कुणी ती उलगडली नाही. निरोप घेऊन त्या बाहेर पडल्या तेव्हा किंगा त्यांना सोडायला फाटकापर्यंत आली. तिथे तिने मागे वळून घराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"बाई, मगाशी आपल्याकडून धूर झाला ना?"

"हो, झाला."

"मी नाही सांगणार कुणाला. आता मी घरातलं काहीच सांगणार नाही."

ती शहाण्यासारखी हसली आणि पळत आत गेली. बोझेनाबाई फाटक धरून उभ्या राहिल्या. तिला हाक मारावी, काहीतरी सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण दार आतून लागलं.

बस आली. चालकाने त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"काय काकू, खाणीत नोकरी लागली की काय?"

बस जवळजवळ रिकामी होती, पुढची सीट नवीकोरी, फिक्या निळ्या कापडाची. आपले काळे हात छातीशी धरून, कशालाही न टेकता, त्या घरापर्यंत उभ्यानेच गेल्या.