हेमराजचा चुना-गेरू

“गुरुजी, नीळ अजून टाकू का? मले तं पिवळटच दिसून राह्यलं.”

शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून हेमराज कामडी मला विचारत होता. डोक्याला टॉवेल, हातात कुंचा, कोपरापर्यंत चुना. खाली त्याची बायको शकुबाई बादलीत काठी फिरवत होती. मी छत्री टेकवून उभा होतो आणि खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती. साहेब लोक परवा यायचे होते आणि हा सत्तरीचा म्हातारा बंद पडलेल्या स्टेशनाला नवरदेवासारखा नटवत होता.

“टाक,” मी म्हटलं. “साहेबाचे डोये दिपले पायजे.”

“घराले सात वर्सं झाले, चुन्याचं बोट नाई लागलं,” शकुबाई मला सांगू लागली. “अन् टेसनाले तीन तीन हात मारून राह्यले हे.”

“घर पाहाले कोण येऊन राह्यलं?” हेमराज वरून म्हणाला. तिने निळीची आणखी एक पुडी फोडली आणि पुन्हा काठी फिरवू लागली.

रामाकोना सोडून सौंसरकडे निघालं की आमचं गाव लागतं. अरुंद रुळांची छोटी लाइन होती तेव्हा इथे गाडी थांबायची. दहा वर्षांपूर्वी ती लाइन उखडली, रुंद रुळांची बडी लाइन आली आणि नवं स्टेशन अर्ध्या किलोमीटरवर झालं. जुनी इमारत मागे राहिली. काळ्या दगडाच्या भिंती, कमानीचं दार आणि दारावर तांबड्या दगडाची पाटी, तिच्यात कोरलेलं बांधणीचं साल. सरकारने तिच्याकडे पाहिलं नाही हे खरं, पण तिची वासलात आम्ही गाववाल्यांनीच लावली. कौलं सरपंचाच्या गोठ्यावर गेली, बाकं मारुतीच्या पारावर. घंटा कोणी नेली ते सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. मी शहाजोगपणा करत नाही. माझ्या न्हाणीघराचं सागवानी दार त्याच तिकिटाच्या खोलीचं आहे. हेमराज माझ्या घरी शंभरदा आला असेल. एकदा त्याने त्या दारावरून हातही फिरवला, पण तोंडातून शब्द काढला नाही.

उरलेल्या खोल्यांत शेळ्या बसायच्या, पत्त्यांचे डाव चालायचे. रोज सकाळी हेमराज झाडू घेऊन जायचा आणि दारूच्या बाटल्या पोत्यात भरून बाहेर आणायचा. लोक त्याला ‘बडे बाबू’, म्हणजे स्टेशनमास्तर, म्हणून हाका मारायचे. तो खरंच वळून पाहायचा.

चौतीस वर्षं तो तिथे पॉइंट्समन होता. सांधे बदलायचे, कंदील लावायचे आणि वेताच्या कड्यात अडकवलेला टोकनचा गोळा चालत्या इंजिनातल्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. तो गोळा मिळाल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. “माह्याशिवाय गाडी हालत नव्हती, गुरुजी,” हे वाक्य मी इतकं ऐकलं होतं की तो तोंड उघडायच्या आत मीच ते म्हणून टाकायचो. लाइन बंद झाली त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

त्याला एकच गोष्ट हवी होती. इमारत पाडू नये. आत छोट्या लाइनचं जे काही उरलंय ते मांडून ठेवावं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याने ते समजावून सांगावं. इकडे बडी लाइनच्या मालधक्क्यासाठी तीच जागा लागणार, अशी बोलवा गावात होती. म्हणून तो अर्ज करत राहिला. त्याला सहीपुरतं लिहिता यायचं, तेव्हा अर्ज मी लिहून द्यायचो. आधी छिंदवाड्याला, पांढुर्णा वेगळा जिल्हा झाल्यावर तिथे, मग नागपूरला. मोठा उपकार करतोय अशा थाटात लिहायचो. शेवटच्या अर्जाला मी मोबाइलवर काढलेले भिंतींचे फोटो जोडले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा उत्तर आलं.

उत्तर आलं त्या दिवशी मला पांढुर्ण्याला लग्नाला जायचं होतं. हेमराज लिफाफा घेऊन बस स्टँडवर धावत आला. मी तो फोडला आणि पहिलं पान वाचून दाखवलं. जुन्या वास्तूंची समिती अमुक तारखेला पाहणीला येणार, इमारत जपण्याजोगी वाटली तर यादीत घेणार. तेवढ्यात बस आली. मागे दुसरं पान होतं. ते न वाचताच मी दोन्हींची घडी केली आणि पिशवीत टाकली. खिडकीजवळची जागा जाईल म्हणून.

“दौरा हाये,” मी खिडकीतून ओरडलो. “तयारीले लाग!”

रेल्वेच्या जुन्या माणसाला दौरा म्हटलं की एकच तयारी ठाऊक असते. साहेब येणार म्हणजे भिंतींना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू, वाटेच्या कडेच्या दगडांना एकाआड एक पांढरं आणि लाल. चौतीस वर्षं हेमराजने हेच केलं होतं आणि प्रत्येक साहेब मान डोलावून गेला होता.

पाहणीच्या दिवशी सकाळी, पत्र जवळ असावं म्हणून मी पिशवी उलटी केली. दुसरं पान तेव्हा वाचलं. कागद हिंदीत होता आणि मजकूर स्पष्ट होता. इमारत आहे तशी ठेवावी. चुना, रंग, सिमेंट काहीही लावू नये. फोटोत दगडांवर बांधणाऱ्या कारागिरांनी कोरलेल्या खुणा दिसतात, त्या दुर्मीळ आहेत, मुख्यतः त्यांचीच पाहणी करायची आहे.

मी चपला घालून धावतच गेलो. माझ्या वयाला शोभत नव्हतं तरी धावलो.

स्टेशन उन्हात निळंपांढरं चमकत होतं. एकही दगड उघडा नव्हता. दारावरच्या पाटीत हेमराजने सिमेंट भरून ती सपाट केली होती आणि वर काळ्या ऑइलपेंटने साल रंगवलं होतं, वीतभर उंच आकड्यांत.

“घासून गेल्तं ना ते,” तो म्हणाला. “आता सडकेवरून वाचता येते. अन् भिंतीवर कोणं खिळ्यानं रेघोट्या मारल्या होत्या, त्या बी बुजवल्या. कसं वाटते?”

त्याने जुना खाकी गणवेश घातला होता. पोटावरचं बटण लागत नव्हतं. काखेत हिरवी झेंडी होती. मी खिशातला कागद चाचपला. साहेबांची गाडी यायला अर्धा तास होता, आता सांगून काय फरक पडणार, असं मी मनाशी म्हटलं.

“बेस,” मी म्हणालो.

समितीच्या अनुराधा मॅडम नागपूरहून आल्या, सोबत ऋषिकेश नावाचा तरुण इंजिनीअर. गाडीतून उतरल्या आणि दारातच थांबल्या. हेमराजने सलाम ठोकला. मॅडम भिंतीजवळ गेल्या, बोटाने चुना खरवडला, ऋषिकेशच्या मोबाइलमधला फोटो भिंतीशी धरून पाहिला. मग दुसऱ्या भिंतीकडे गेल्या. हेमराज त्यांच्यामागून दोन पावलं अंतर ठेवून चालत होता.

“हे कोणी केलं?”

“मीनं, मॅडम,” हेमराज म्हणाला. “एकट्यानं. बायकोनं चुना कालवला फक्त.”

“का पण? काहीही लावू नका म्हणून पत्रात स्पष्ट कळवलं होतं आम्ही. या खुणांसाठीच तर आलो होतो.”

हेमराज आधी हसला. त्याला वाटलं मॅडमचा काही घोळ झाला. “नाई जी. तसं कागदात असतं तं गुरुजीनं सांगतलं असतं ना. कागद त्यायनंच वाचला.” आणि त्याने माझ्याकडे बोट केलं, मोठ्या विश्वासाने.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

“एकच पान आलं आमाले,” मी म्हणालो.

चाळीस वर्षं मी पोरांना खरं बोलायला शिकवलं. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, त्याची मला आजही किळस येते.

हेमराजचा चेहरा मात्र उजळला. “पाहा! पोस्टात पडलं असन दुसरं. मंग काई हरकत नाई, आत्ता काढतो. दोन घंटे द्या. शकू, खुरपं आण!”

“काका, थांबा. असं काढू नका,” मॅडम म्हणेपर्यंत तो शिडीवर चढलाही होता. त्याने पाटीच्या कडेत खुरपं घातलं आणि जोर लावला. सिमेंटची लादी एका तुकड्यात सुटली. वर्षानुवर्षं ओल खाल्लेला तांबडा दगड तिला धरून होता, त्याचा कोरलेला पापुद्राही तिच्यासोबत आला. सगळं खाली पायरीवर पडलं. वर नुसता खडबडीत खड्डा उरला. हेमराज त्या खड्ड्याकडे पाहत शिडीवर तसाच उभा राहिला. मग खाली उतरून तुकडे गोळा करायला लागला, कोणता आकडा कुठे होता ते आठवत.

शेवटी मॅडमच त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या. बाई वाईट नव्हत्या, हे सांगायलाच हवं.

“काका, आता हे यादीत घेता येणार नाही. मला तसं लिहावं लागेल. पण तुमचं नाव लिहिलं तर सरकारी मालमत्तेची मोडतोड केली म्हणून चौकशी लागेल. पेन्शन अडकेल तुमची. म्हणून मी लिहिते की अज्ञात लोकांनी विद्रूप केली. चालेल?”

“मंग टेसन?”

“जागा मालधक्क्याला जाईल.”

“अन् मॅडम, माह्या हातानं धुऊन काढलं तं? महिनाभर लागू द्या.”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. ऋषिकेशने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला आणि मॅडमनी त्याचा अर्थ मराठीत सांगितला. सदर इमारत दहा वर्षांपासून बेवारस आहे. कोणीही देखभाल केलेली नाही. अज्ञात इसमांनी भिंती व पाटी विद्रूप केली. दोन पंच लागत होते. शकुबाईला सही येत नव्हती, गावातलं आणखी कोणी तिथे नव्हतं, म्हणून पंच हेमराज आणि मीच.

“कोणीच देखभाल नाई केली, असं लिवलं का?” हेमराजने विचारलं.

“तसंच लिहावं लागतं, काका. नाहीतर तुम्ही इथे कसे, असा प्रश्न येतो.”

साहेबाने सांगितलेल्या जागी सही करायची, हेही त्याला चौतीस वर्षांनी शिकवलं होतं. त्याने सावकाश सही केली. त्याच्या अंगठ्याचा गेरू कागदाच्या कोपऱ्यावर उमटला. ऋषिकेशने तो रुमालाने पुसला. खाली मी सही केली, खिशात दुसरं पान असताना. गाडी निघाली तेव्हा हेमराजची झेंडी काखेतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लांबच्या वाटेने दुधाला निघालो. तरी तो दिसलाच. शकुबाईने उरलेली बादली घरी आणली होती. हेमराज आपल्या घराच्या पुढच्या भिंतीला चुना लावत होता. चुना अर्ध्या भिंतीपुरताच उरला होता. गणवेश दोरीवर वाळत होता.

मला पाहून त्याचा हात थांबला. त्याने कुंचा बादलीवर धरला, थेंब जमिनीवर पडू नयेत म्हणून.

“गुरुजी,” त्याने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, टोमणा असता तर मला परवडला असता. “इथं तं लावला तं चालते ना? का याच्याबद्दल बी कागदात काई असते?”

“नाई,” मी म्हटलं. “इथं चालते.”

“तुमाले मालूम असते म्हून विचारलं,” तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.